सगळ्याच पिंजऱ्यांना इंजेक्शन

नेरचे राठोड गुरुजी नसते, तर मी शेतात कपाशीची सरकी टोबत राहिलो असतो. कॉलेजचा फॉर्म त्यांनी भरला, वडिलांची समजूत त्यांनीच घातली. म्हणूनच मी यवतमाळच्या लॅबमध्ये होतो.

त्या सकाळी गंगाबाई एका गाभण मादीच्या पिंजऱ्यापाशी बसली होती. ती उंदरांचं दाणापाणी पाहायची, तांड्यावर सुईणपणही करायची.

"साहेब, हे सुटून नाही राह्यली."

"सुटेल. एकविसावाच दिवस आहे."

"बाकीच्याबी तशाच कुंथून राह्यल्या. काहून फुगवल्या एवढ्या?"

रेबीजची लस तपासायला पांढरे उंदीर लागत. एका वेताला सहा-सात पिल्लं होत, ती पुरत नसत. नव्या पद्धतीत मादीला गाभण घोडीच्या रक्तातलं हार्मोन टोचायचं, दोन दिवसांनी दुसरं. एकदम पुष्कळ बीजं सुटतात. मग नर सोडायचा. मुख्य डॉक्टरांनी बजावलं होतं, "सोळा टोच, सोळा तशाच ठेव."

मी बत्तीसही टोचल्या. आमच्याकडे एका जागी तीन-चार सरक्या टाकतात, जास्तीची रोपं नंतर उपटतात. जागा रिकामी सोडत नाहीत. गर्भाशयही जास्तीचं काढून टाकेल, असं मी धरून चाललो. पोटं फुगली तेव्हा आनंदाने गुरुजींना पत्रही टाकलं.

दुपारी पहिली मादी मेली. डॉक्टरांनी ती उघडली.

"मोज."

चोवीस. शेंगदाण्याएवढी, एकमेकांना चेपून बसलेली. बहुतेक मेलेली.

"टोचल्या किती?"

"सगळ्या, सर."

डॉक्टर स्टुलावर बसलेच. "म्हणजे लस तपासायला उंदीर नाहीत. आणि चूक औषधाची की तुझ्या हाताची, हे ताडून पाहायला न टोचलेली एक मादी नाही!"

"मले तरी इचारायचं," गंगाबाई म्हणाली. "जुळं असलं तरी बाईचा जीव जाते-येते. अन् हे तर बोटाएवढं जनावर."

पाचच माद्या जगल्या. नवे उंदीर येईपर्यंत लस कपाटात पडून राहिली. मी लॅबमध्येच बसून पत्र लिहिलं:

"गुरुजींना साष्टांग नमस्कार. पिल्लं तिप्पट केल्याचं मी कळवलं होतं. ती जन्मलीच नाहीत. मेलेल्या आईच्या पोटात मोजली. अर्ध्या माद्या तशाच ठेवायला सांगितल्या होत्या, मी ठेवल्या नाहीत. मागचं पत्र तुम्ही वर्गात वाचून दाखवलं असणार. हेही दाखवा.

आपला,
वसंत"