साखळीला लटकलेल्या हिरव्या कोळंब्या

बंदरावर मासे साफ करायच्या शेडमध्ये नळाशेजारच्या टेबलावर जी बाई उभी असते, तिला सगळे चौकशीबाई म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं ते विचारू नका, तिचं विचारून झालंय. काम साधं. माशाचं पोट फाडायचं, आतडी बादलीत टाकायची, की पुढचा मासा. पण ही बाई माशाचं जठरसुद्धा उघडून बघणार. "याने सकाळी काय खाल्लं असेल गं?" शेजारणीचे तीन मासे होतात तेव्हा हिचा एक. मुकादम कपाळाला हात लावायचा, पण हात इतका सफाईचा की तिला कामावरून काढायचीही सोय नाही.

मुलीच्या शाळेच्या उरलेल्या वह्यांत ती लिहून ठेवायची. खेकडा अर्धा. प्लास्टिकचा दोरा एक. हिरव्या कोळंब्या सतरा. या कोळंब्या नखाएवढ्या, पोपटी, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या. जुन्या वह्यांत त्या पानोपानी होत्या. मग कमी होत गेल्या, आणि गेली दोन वर्षं महिन्यातून एखादी दिसली तर दिसली. मासेही बारीक होत चालले होते, पण ते सगळ्यांनाच दिसत होतं. कोळंब्या गेल्या कुठे, या प्रश्नाने मात्र फक्त हिच्या डोक्याचा भुगा केला होता.

"अगं, फिरायला गेल्या असतील," शेजारीण म्हणायची.

उत्तर मिळालं ते नेमकं भावाच्या होडीपाशी, आणि मिळालं नसतं तर बरं झालं असतं असं तिला पुढे आठवडाभर वाटत राहिलं.

त्याचं असं झालं. अकरा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या होडीचा पंखा बंदराबाहेर पाण्याखालच्या गवतात अडकला. इंजिन बंद पडलं, वाऱ्याने होडी खडकावर नेऊन आपटली, आणि तो परत आला नाही. दादाने, तिच्या थोरल्या भावाने, त्याच महिन्यात एक जाड साखळी मिळवली, दोन होड्यांमध्ये बांधली आणि ते गवत मुळासकट ओढून काढलं. तेव्हापासून दरवर्षी हंगामाआधी साखळी फिरते. सगळं बंदर दादाला दुवा देतं. तिनेही दिला होता.

यंदा साखळी धक्क्यावर ओढून घेतली तेव्हा ती दादाचा डबा घेऊन तिथे आली होती. साखळीला गवताचा लगदा लटकत होता. तिने त्यात हात घातला, सवयच ती. पोपटी काहीतरी मनगटावर उडालं. मग दुसरं. बघता बघता पन्नासेक हिरव्या कोळंब्या धक्क्यावर तडतडायला लागल्या, आणि त्यांच्यात माशांची इवली इवली पिल्लं. म्हणजे यांचं घर या गवतात होतं तर. मोठे मासे जेवायला इथे यायचे, पिल्लं इथेच वाढायची, आणि ते घर दरवर्षी उपटून काढत होता तिचा दादा, तिच्या प्रेमापोटी.

त्याच सुमारास मच्छीमारांच्या सोसायटीत एक म्हातारी बाई येऊ लागली. तिच्या वडिलांचे बर्फाचे कारखाने होते, ते विकून आलेल्या पैशांचा तिने ट्रस्ट केला होता. "आमचं घर माशांच्या बर्फावर चाललं," ती सभेत म्हणाली. "आता समुद्रासाठी काही करायचंय. काय करू तेवढं सांगा." सांगणाऱ्यांना काय तोटा? एकाला धक्क्यावर माशाचा पुतळा हवा होता, दुसऱ्याला सिमेंटचे ठोकळे बुडवायचे होते. दादाने नवी, दुप्पट जड साखळी मागितली, माणसं वाचतात म्हणाला. म्हातारीने लगेच मान डोलावली.

चौकशीबाई कात्रीत सापडली. गप्प बसावं तर उरलंसुरलं गवतही जाणार, बोलावं तर दादा तुटणार. शेवटी ती उठली आणि पिशवीतल्या वह्या काढून एकेका वर्षाचा आकडा वाचला. मग साखळीला काय लटकलं होतं ते सांगितलं.

"मग आम्ही काय पंखे अडकवून मरायचं?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाही. गवतातून एक वाट मोकळी ठेवायची. दोन्ही कडांना तरंगती पिंपं बांधायची, होड्या तेवढ्यातूनच जातील. बाकीच्या गवताला हात लावायचा नाही. बाईंनी पिंपांचे पैसे द्यावेत, आणि त्यांची देखभाल करणाऱ्याचा पगार."

"एवढंच?" म्हातारीने विचारलं. "माझ्याकडे याहून पुष्कळ आहे."

"मग दहा वर्षं पुरवून द्या. एका वर्षात फोटो काढून निघून जाऊ नका."

म्हातारी हसली आणि ते लिहून घेतलं. दादा उठून गेला.

चार दिवस तो फिरकला नाही. तिने दोनदा डबा पाठवला, दोन्हीदा भरलेलाच परत आला. पाचव्या दिवशी सकाळी तो शेडच्या दारात येऊन उभा राहिला. "चल," म्हणाला. होडीत सहा पिंपं लादलेली होती.

"वाट कुठून न्यायची ते तुला काय कळणार?" एवढंच तो वाटेत बोलला. खडकांच्या अलीकडे त्याने इंजिन बंद केलं. "इथे अडकला होता तो."

तिने वाकून पाहिलं. खाली नुसती वाळू, गवताची एक काडी नाही.

"दरवर्षी इथे सात-आठ फेऱ्या जास्त मारायचो मी," दादा म्हणाला. "राग जातच नव्हता."

मग मात्र ती रडली, तोंडात पदर कोंबून, पुष्कळ वेळ. दादाही रडला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "इथे परत उगवेल?"

"माहीत नाही. कडेने सरकत येईल बहुतेक. वर्षं लागतील."

दादाने पिंपाच्या दोराला दगड बांधला, तो उचलला आणि तसाच हातात धरून थांबला. मग इंजिन सुरू करून होडी वीसेक हात पलीकडे नेली.

"वाट इकडून नेऊ," तो म्हणाला. "ती जागा गवताला राहू दे."