सुलूचा आंधळेपणाचा दाखला

“पूर्ण अंध. लिहा,” साहेब म्हणाले आणि हात धुवायला उठले.

मी लिहिलं. नोकरीच तशी होती. किनाऱ्यावरच्या एका लहानशा दवाखान्यात मी रिफ्रॅक्शनिस्ट होतो, म्हणजे चष्म्याचा नंबर काढणारा. साठ-एकसष्ट साल असेल. डोळ्यांचे मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा येत. तेच साहेब. त्यांचं निदान भलतंच जलद, कारण दुपारी कुणा ना कुणा शेटकडे सरंगा मासळीचं जेवण ठरलेलं असे.

मुलगी सात वर्षांची, सुलू. मसुऱ्याच्या एका मास्तरांची. बोलत नव्हती, हाकेला वळत नव्हती, कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती. आज याला ऑटिझम म्हणतात. तेव्हा ‘खुळी’ म्हणून मोकळे होत. साहेबांनी तिच्यापुढे बोट नाचवलं. तिने ढुंकून पाहिलं नाही. टॉर्च मारला, बाहुली छान आकसली. “डोळा ठीक, म्हणजे दोष मेंदूत,” साहेब म्हणाले. झाली तपासणी!

दाखला मिळताच मुलगी मुंबईच्या अंधशाळेत जाणार होती. मास्तरांनी जागाही मिळवली होती. आई मात्र हटून बसली.

“सायबानू, आमी देवळात कौल लावलो. देव म्हणता, आमच्या चेडवाक दिसता.”

“मग दाखलाही देवाकडूनच घ्या!” साहेब हसले. मीही हसलो. सांगायला लाज वाटते. देवाने निदान मूर्तीला चिकटवलेली कौलाची पाकळी पडेपर्यंत वाट पाहिली होती.

शिक्का मारायला मी शाईची गादी जवळ ओढली आणि खाली बघितलं. पूर्ण अंध मुलगी जमिनीला नाक लावून मुंग्यांची रांग बघत होती. रांग वळली की हिची मानही वळे.

“साहेब, रेटिनोस्कोपी करून बघतो.”

“जी बोलत नाही ती काय सांगणार?”

“तिला काही सांगावंच लागत नाही.”

“काय तो खेळ मी जेवून येईपर्यंत उरका.”

रेटिनोस्कोप म्हणजे मधे भोक असलेला छोटा आरसा. अंधाऱ्या खोलीत त्याने डोळ्यात उजेड टाकायचा, बाहुलीत सावली सरकते ती बघायची आणि भिंगं बदलत ती थांबवायची. त्यावरून नंबर कळतो. पोरं या वेळी नुसता धुमाकूळ घालतात. सुलू त्या उजेडाकडे टक लावून बसली. इतका शहाणा पेशंट मला पुन्हा मिळाला नाही.

नंबर निघाला मायनस सात. वीतभरापलीकडचं सगळं जग धूसर.

तपासणीची जड फ्रेम तिने भिरकावून दिली. मग आईने भिंग हातात धरून तिच्या डोळ्यापुढे नेलं. मी खिडकी उघडली. बाहेरच्या माडाची झावळं हलत होती, तिकडे सुलू बघत राहिली. मास्तर इतका वेळ माझ्याशी शुद्ध मराठीत बोलत होते. ते भिंतीकडे तोंड फिरवून रडायला लागले. “आमी तिका आंधळी करून धाडीत होतंव रे!”

साहेब जेवून आले. पुन्हा बोट नाचवलं. “हे बघा, अजून माझ्याकडे बघत नाही.”

“दिसतंय साहेब. तिला बघायचं नाहीये.”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग दाखल्यावर आडवी रेघ मारून खाली शेरा लिहिला, ‘सुधारणा आढळली.’ एक सरंगा खाऊन होईतो पूर्ण अंध मुलगी सुधारली होती. आहे की नाही करामत!

चष्मा आला. कानाला काडी सहन होईना, म्हणून आईने मऊ सुती नाडीने बांधला. सुलू घरीच राहिली. ती कधी बोलली नाही, चष्म्याने तो चमत्कार होत नाही. वर्षाने आई नंबर तपासायला घेऊन आली, तेव्हा मी विचारलं, “तुमच्याकडे तरी बघते का?”

“बघणा नाय. माडावरचे कावळे बघता. माज्याकडे बघूक कित्याक होया? मी खंय पळान जातंय?”

त्यानंतर नोकरीभर मी एकच पथ्य पाळलं. मूल डॉक्टरच्या तोंडाकडे बघत नसेल, तर आधी नंबर काढायचा, दाखल्याचं मागाहून. डॉक्टरचं तोंडच बघण्यासारखं नसेल, हीही शक्यता सोडायची नाही.