तुपातले टाके

पू कसा दिसतो ते मला कोणी सांगू नये. मी तो पुसलाय, तोही मांजरीचा.

दरवेळी कपड्यांच्या कपाटात वीत होती, म्हणून तिला शहाद्याला नेऊन पिशवी काढायचं ऑपरेशन करून आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, जखम कोरडी ठेवा, चाटू देऊ नका, टाके उघडले तर जगायची नाही. चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं गोल कडं घातलं. ते दुधात बुडायचं, दूध त्यावरच सुकायचं, आणि आमच्या ब्राह्मणपुरी गावच्या उकाड्यात तो आंबूस वास घरभर. ओकारी यायची. तरी रोज ते कडं पुसायचे, करता काय.

एका दुपारी शाळेतून शिकवून आले, तर कडं खाटेवर पडलेलं. सासूबाईंनी मांजरीला गोधडीवर निजवलं होतं, शेजारी ओव्याची धुरी, पोटावर हळद-तुपाचा जाड लेप. आणि ती बया तूप मिटक्या मारत चाटत होती. एक टाका उसवलेला. हळद कुठली आणि पू कुठला, कळेना.

"हे काय केलंत, आई?"

"पोटवर टाका शेत ना? मंग ती बाळंतीणच शे."

पिशवी काढलेली बाळंतीण. शिसारी आली मला, त्या वासाची आणि त्या अडाणीपणाची. नाकाला पदर लावून कोमट पाण्यानं पुसायला बसले. सासूबाईंनी मांजरीचे पाय धरले. मांजर फिस्कारत होती आणि माझ्या तोंडाचा पट्टा चालूच. "आता मेली तर तुमच्या तुपानं मेली. एवढी कसली हौस?"

मांजरीचे पाय तसेच धरून त्या म्हणाल्या, "मन्ही पिशवी काढी तव्हय माले कोनी हात बी लावा नही. पू मीच पुसा."

इतकी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी पुन्हा टाका घातला, मांजर वाचली. पण ते नंतर; त्या दुपारी पुसता पुसता मला या घराचीच किळस आली. तेवढ्यात बाहेरच्या ओट्यावरून सासऱ्यांनी सासूबाईंना हाक मारून चहा मागितला. त्या सवयीनं उठायला लागल्या. मी त्यांना हात धरून खाली बसवलं.

"चहा मिळणार नाही," मी आतूनच सांगितलं.