दोनदा वजा झालेलं वस्तुमान

रित्सुको मकाबे शेहेचाळीस वर्षांची झाली तरी करारावरच होती. समुद्रकाठच्या त्या संशोधन केंद्रातली तिची मुदत मार्चअखेर संपत होती, आणि ती वाढणार की नाही हे एका आलेखावर ठरायचं होतं.

हायड्रोजनवर इलेक्ट्रॉन आदळवायचे आणि ते कसे विखुरतात यावरून प्रोटॉनच्या पोटातलं ओळखायचं, हे तिचं काम. ऊर्जा प्रचंड असली तर प्रोटॉनचं स्वतःचं वस्तुमान विसरलं तरी चालतं. इथली ऊर्जा बेताची, त्यामुळे त्या वस्तुमानाचा परिणाम वजा करावाच लागे. तिने तो वजा केला, तेव्हा आलेखाच्या उजव्या टोकाचे बिंदू सिद्धान्ताच्या रेषेखाली घसरले. काहीतरी नवीन हाती लागलं म्हणून सगळे खूश झाले, आणि वार्षिक परिषदेत तिचं भाषण ठरलं.

"मकाबे-सान, आता परिषदेत आम्हाला ओळख दाखवाल ना?" शेजारचा ओदागिरी भाताचा गोळा खाता खाता चिडवायचा.

भाषणाआधी खात्री म्हणून तिने यंत्राच्या मूळ नोंदींपासून हिशेब पुन्हा केला. घसरण नाहीशी झाली. विभागप्रमुख आणि तिचे गुरू असलेल्या नेझु सेन्सेईंनी दिलेल्या आकड्यांतून वस्तुमानाचा परिणाम आधीच काढलेला होता, आणि तिने तोच दुसऱ्यांदा काढला होता.

ती सेन्सेईंच्या खोलीत जाऊन वाकून उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं.

"आकडे घेतानाच विचारायचं होतंस ना?"

"तुमचं काम पुरं आहे का, असं मी तुम्हाला कसं विचारणार, सेन्सेई?"

त्यांनीही आपल्या गुरूंना असं कधी विचारलं नव्हतं.

"परिषद उरकू दे. मग बघू. तोवर तुझी मुदतवाढही होऊन जाईल."

"सगळ्यांसमोर तो आलेख दाखवू?"

"दाखवायचा नसेल, तर मुदतवाढीच्या समितीपुढे मी काय ठेवू, मकाबे-सान?"

संध्याकाळी तिने भाषण मागे घेतलं. ओदागिरीने कारण विचारलं नाही. त्या दिवसापासून तो डबा खायला खालच्या मजल्यावर जाऊ लागला.

समितीची बैठक पाच मिनिटांत आटोपली; मुदतवाढ मिळाली नाही. मार्चच्या शेवटच्या दिवशी तिने दुरुस्त आलेख विभागाच्या संगणकावर ठेवला. सगळे बिंदू रेषेवर अचूक बसले होते. त्यात नवीन काहीच नव्हतं, म्हणून कुणी तो उघडून पाहिला नाही.