विसर पाडणारं नाव

मुलीला माझ्याकडून फक्त होकार हवा होता. टौरंगा शहरातल्या तिच्या घरून ती रोज फोन करायची. तिला मुलगी होणार हे स्कॅनमध्येच कळलं होतं. इथे परदेशात ते आधी सांगतात. बाळाला आपल्या आईचं नाव ठेवायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. पत्नीला जाऊन पाच महिने झाले होते आणि ते नाव मी एकदाही मोठ्याने उच्चारलं नव्हतं. नात माझ्याकडे राहायला आली की ते दिवसातून वीसदा कानावर पडणार, या विचाराने मी उत्तर टाळत होतो.

मी राहतो त्या माउंट रॉस्किल उपनगरात आमच्या कुंपणापलीकडे एक इथिओपियन गृहस्थ राहतात. बस चालवतात. पत्नी गेल्यावर दर पंधरवड्याला न विचारता ते माझंही गवत कापून देऊ लागले. एका शनिवारी चहा देताना मला लाज वाटली, इतक्या दिवसांत मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं.

"मास्रेशा," ते म्हणाले.

शब्दाचा अर्थ विचारायची माझी जुनी खोड.

"विसर पाडणारा. माझ्या आधीचा भाऊ दोन वर्षांचा होऊन गेला. त्यानंतर झालेल्या मुलाला आमच्या अम्हारिकमध्ये असं नाव ठेवतात. जन्मल्या दिवसापासून नोकरीवर!"

मी त्यांना आमचे दगडू, धोंडू सांगितले. मुलं जगत नसली की मुद्दाम असं नाव ठेवायचं, म्हणजे मृत्यू ढुंकून बघत नाही.

ते खूप हसले. "तुम्ही मृत्यूला फसवता. आम्ही आईची समजूत घालतो."

मला पुढचं विचारल्याशिवाय राहवेना. "मग पडला का आईला विसर?"

"कसा पडेल? जेवायला हाक मारली तरी त्याची आठवण. नवं माणूस घरी आलं की माझं नाव ऐकून हळूच विचारायचं, 'कोण गेलं होतं?' मग ती सांगत बसायची. मला वाटतं, तिला कुणीतरी विचारायलाच हवं होतं."

चहा संपवून ते उठले. मला गेल्या पाच महिन्यांत कुणी काही विचारलं नव्हतं. मीच विचारू दिलं नव्हतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, ठरलं का?"

"आजीचं नाव ठेवलं तर तिला रागावणार कशी?"

"त्याच नावाने. आईशी काय मी कमी भांडलेय?"

मला हसू आलं. "ठेव," म्हणालो, आणि ते नाव एकदा मोठ्याने उच्चारून पाहिलं. "ऐकू आलं ना?"

"आलं," ती नाक ओढत म्हणाली. "पण बाबा, इतक्या जोरात नको रे. आई काही स्वयंपाकघरात नाहीये."