आईचा व्हिसा आला

भावाच्या बायकोला दिवस गेले, तेव्हा आईबाबांनी काही महिने तिकडं येऊन राहावं असं त्याच्या मनात आलं. तो बरीच वर्षं परदेशात आहे. मी वसमतला कॉलेजात शिकवते, त्यामुळं ऑनलाइन अर्ज भरायचं काम माझ्याकडं आलं. सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन मी औंढ्याला माहेरी गेले.

बाबा तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांचे अर्ज तपासलेला माणूस. स्वतःचा अर्ज म्हटल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याशेजारी बसले. आईचं देवळाच्या वाटेवर नारळ-फुलांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की ती घरी यायची.

दोघांचे अर्ज वेगवेगळे होते. बाबांचा भरून झाला. आईच्या अर्जात व्यवसाय विचारला होता.

"गृहिणी लिही," बाबा म्हणाले.

"काहून? दुकान कोण चालवतं?" आई म्हणाली.

"अगं, उगं गुंता वाढतो. ते लोक विचारत बसतील."

"मग विचारू द्या की."

मी 'दुकानदार' लिहिलं. नगरपंचायतीचा परवाना जोडला, दुकानापुढं उभी राहिलेल्या आईचा फोटोही जोडला. पुढं प्रश्न आला, याआधी कुठल्या देशानं तुम्हाला व्हिसा नाकारला आहे का. मी तो मराठीत सांगितला तशी आई हसली.

"मी कुठं गेलेच न्हाई, तर न्हाई कोण म्हणंल?"

अर्जाला लागणाऱ्या फोटोसाठी अंगणात बाबांचं पांढरं धोतर पडद्यासारखं बांधलं. आईनं डोक्यावरचा पदर काढायला वेळ लावला. साइट मधेच बंद पडायची आणि भरलेलं पान पुन्हा भरावं लागायचं. बाबा न कंटाळता प्रत्येक कागद माझ्या हातात देत होते. सगळं पाठवून झाल्यावर बोटांचे ठसे द्यायला आम्ही तिघं हैदराबादला जाऊन आलो. मग वाट पाहणं सुरू झालं. बाबांनी लोकरीची टोपी आणली. चौकात चारचौघांना सांगूनही झालं.

निकाल माझ्या मेलवर आले. आईचा व्हिसा मंजूर झाला होता. बाबांचा नाकारला होता.

मी बसनं औंढ्याला गेले. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. बाबांनी पत्र वाचून दाखवायला लावलं, मग अर्थ विचारला. मुदत संपल्यावर तुम्ही मायदेशी परत जाल याची आमची खात्री पटलेली नाही, असं त्यात होतं.

"मी परत येणार न्हाई म्हणे," बाबा म्हणाले. "मला परभणीला बदली झाली तर करमलं न्हवतं."

कुणाला हसू आलं नाही. आईला का दिला आणि त्यांना का नाही, हे पत्रात नव्हतं. दुकानामुळं असेल, नसेलही. मी त्यावर तर्क करणं सोडून दिलं.

आई म्हणाली, "मग मी बी न्हाई जात." आठवडाभर बाबा चौकात फिरकले नाहीत. मी भावाला कळवून टाकलं की दोघंही येणार नाहीत. त्यानं वहिनीच्या आईला विचारून पाहिलं, पण तिचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं.

हे ऐकल्यावर एका सकाळी आईचा फोन आला. "माझं तिकीट काढ."

रविवारी मी गेले तेव्हा दोघांचं तेच चाललं होतं.

"एकटी जाशील? तुला साधं हिंदी धड येत न्हाई," बाबा म्हणाले.

"बाळंतपण तुमी करणार होता का?"

बाबा उठून आत गेले. थोड्या वेळानं लोकरीची टोपी घेऊन बाहेर आले आणि तिच्या बॅगेत ठेवली. "थंडी लई असती तिकडं," एवढंच म्हणाले.

आई तिकडं विमानतळावर उतरल्यावर तपासणीच्या खिडकीतल्या साहेबानं फोनवर हिंदी बोलणारी बाई जोडून दिली. पती सोबत का आले नाहीत, असं तिनं विचारलं. आई म्हणाली, "उनको तुमनेच नहीं आने दिया." ती बाई पलीकडं काय बोलली कोण जाणे, साहेबानं शिक्का मारला. हे आईनं आम्हाला अगदी साधेपणानं सांगितलं, तक्रार म्हणून नाही.

नात झाली. आई चार महिने राहिली. तेवढ्या दिवसांत दुकानात बाबा बसायचे आणि व्हिडिओ कॉलवर कापूर कुठं, वाती कुठं ठेवल्या ते तिला विचारायचे. आधी एवढंच बोलणं व्हायचं. पुढं पुढं दुकानाचं काही विचारायचं नसलं तरी ते फोन लावायला लागले. आई बाळाला कॅमेऱ्यासमोर धरायची, बाबा बघत राहायचे, मधेच गिऱ्हाईक आलं की फोन उलटा ठेवायचे.

आई परत आली तेव्हा हैदराबादच्या विमानतळावर बाबा माझ्यासोबत होते. ती बाहेर आल्यावर त्यांनी तिची बॅग घेतली आणि विचारलं, "जेवलीस का?"

मी पुन्हा अर्ज भरू का, असं मध्यंतरी बाबांना विचारलं होतं. "न्हाई," म्हणाले. मी आग्रह केला नाही. भाऊ म्हणतो, पुढच्या उन्हाळ्यात पोरीला घेऊन इकडं येतो. ती आता धरून उभी राहते.