दारू त्याची, बेदाणा आपला

तासगावात बेदाण्याच्या शेडवर सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये करायला काहीच नसतं, हे सुलेखाताईंना तिसऱ्याच दिवशी कळलं. मुलगा मल्हार आणि सून क्षितिजा सकाळी साडेसातला घराबाहेर पडत. त्यानंतर घरात राहायच्या त्या, भिंतीवरचा हीटर आणि खिडकीबाहेरचं एक झाड. झाडाचं नावही कुणाला माहीत नव्हतं.

तासगावात त्यांच्या हाताखाली पंचवीस बायका बेदाणा निवडायला असत. मूठभर माल तळहातावर घ्यायचा आणि गप्पा मारता मारता, न बघता, अंगठ्याने दबका दाणा बाजूला काढायचा, अशी त्यांची ख्याती. व्यापारी सौद्याआधी म्हणायचे, "काकूंच्या हातावरून गेलाय ना? मग बघायला नको." असा हात आता रोज दोन माणसांची तूरडाळ निवडत होता, आणि ती डाळ मुळात स्वच्छच होती.

दोन हजार सहाचा ऑक्टोबर होता. एका रविवारी त्यांनी साड्या धुऊन बाल्कनीत घातल्या, तेव्हा क्षितिजा धावत आली.

"अहो आई, इथे नको. रविवारी बाल्कनीत कपडे दिसले की खालच्या फ्राउ क्योलर बोलतात. वर माळ्यावर सगळ्यांचं ट्रॉकनबोडन आहे ना, कपडे वाळवायची खोली. तिथे घाला."

सुलेखाताई पिळा घेऊन चार जिने चढल्या आणि दार उघडून तिथेच थांबल्या. खोलीच्या एका अंगाला दोऱ्यांवर ओल्या चादरी होत्या. दुसऱ्या अंगाला, थेट तुळयांपासून खालपर्यंत, द्राक्षाचे घड लटकत होते. शंभर तरी असतील. गोल, जाड सालीची, पिवळट द्राक्षं, अर्धी सुकलेली.

परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं त्यांना. पिळा खाली ठेवून त्या घडांमध्ये शिरल्या. पहिल्याच घडात आतल्या बाजूला एक मणी बुरसलेला दिसला. तो काढला. शेजारी दुसरा. तोही काढला. पदरात सात-आठ मणी जमले तेवढ्यात मागून कुणीतरी मोठ्यांदा खाकरलं.

दारात एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा उभा होता. तिसऱ्या मजल्यावरचा रेंझो. इटलीहून विशीत इथे कारखान्यात आला, चाळीस वर्षं यंत्रं जोडली आणि आता निवृत्त झाला होता. आपली द्राक्षं पदरात भरणारी बाई पाहून तो हातवारे करत भराभर काहीतरी बोलला. सुलेखाताईंना त्यातलं फक्त 'सिन्योरा' ऐकू आलं. त्यांनी त्याचा हात धरला, तळहात उघडला आणि सगळे नासके मणी त्यावर ओतले.

"बघा की हे. एक नासका असला की आठ दिवसांत अख्खा घड जातो. आणि खिडकी कशापायी लावून घेतलीय? वारं कुठनं येणार?"

रेंझोला मराठीचा एक शब्द कळला नाही, पण मणी कळले. त्याने एक नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं, आणि कोपऱ्यातलं स्टूल आणून सुलेखाताईंपुढे ठेवलं. साड्या त्या दिवशी पिळ्यातच राहिल्या.

आठवडाभर रोज दहा वाजता त्या वर जाऊ लागल्या. घरात गाणं गुणगुणू लागल्या. मग एकदा जेवताना त्यांनी सहज विचारलं, "एवढा बेदाणा तो एकटा माणूस करतो काय?"

मल्हारने क्षितिजाकडे पाहिलं. क्षितिजाने भाताकडे पाहिलं.

"आई, तो बेदाणा खायचा नाहीये," मल्हार म्हणाला. "पुरता सुकायच्या आधी त्याचा रस काढतात. लहान पिंपात बंद करून तीन-चार वर्षं ठेवतात. गोड वाइन होते. विन सांतो म्हणतात तिला. त्यांच्या गावाकडे पाहुण्यांना देतात."

"दारू?"

"गेनाऊ," तो म्हणाला, आणि आईची नजर पाहून, "म्हणजे, हो."

सुलेखाताईंनी ताट सरकवलं. दोन दिवस त्या वर गेल्या नाहीत. आपल्या हाताने दारूचा माल निवडला, हे गावात कळलं तर! पण पाऊस लागला होता. दमट हवेत बुरशी कशी धरते ते त्यांना रात्रंदिवस दिसत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पदर खोचला.

"दारू त्याची, बेदाणा आपला," त्या क्षितिजाला म्हणाल्या. "माल डोळ्यांदेखत सडू द्यायला मी काय व्यापारी आहे?"

संकट मात्र वेगळ्याच बाजूने आलं. फ्राउ क्योलर यांच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर रसाचा थेंब पडला. शनिवारी अकरा वाजता त्यांनी सगळ्यांना माळ्यावर बोलावलं. हातात घराच्या नियमांची फाइल होती. त्यांनी वाचून दाखवलं: ही खोली फक्त वाळवण्यासाठी आहे.

"मी वाळवतोच आहे," रेंझो म्हणाला.

"कपडे वाळवण्यासाठी."

"तसं लिहिलंय कुठे?"

लिहिलेलं नव्हतं. फ्राउ क्योलर यांनी पान उलटलं, मग पुन्हा सुलटं केलं. वाद वीस मिनिटं चालला. सुलेखाताईंनी सुनेला कोपर मारलं.

"त्यांना सांग, चूक दोघांची आहे. ओल्या चादरी आणि द्राक्षं एका खोलीत, वर खिडकी बंद. त्याची द्राक्षं नासणार आणि हिच्या चादरींना कुबट वास येणार. येत असेलच. विचार."

"आई, हे मी कसं विचारू?"

"मी शिंकते तेव्हा ती दाराबाहेर येऊन बघते. मी एवढंही विचारू नको?"

क्षितिजाने डोळे मिटून जर्मनमध्ये सांगितलं. फ्राउ क्योलर यांनी चष्मा काढून पुसला. मग हळू आवाजात म्हणाल्या, की हो, वास येतो. त्यांनी साबण तीनदा बदलला होता.

त्याच दुपारी मल्हारने कॉम्प्युटरवर तक्ता केला: कपड्यांचे दिवस निळे, कोरडे दिवस पिवळे, खिडकी उघडायच्या वेळा लाल. फ्राउ क्योलर यांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या, सही केली आणि स्वतः दारावर चिकटवला. पुढे खिडकीची वेळ पाच मिनिटं चुकली तर रेंझोला बोलणी बसू लागली, आणि ती ऐकून सुलेखाताईंना बरं वाटे.

डिसेंबरात, त्यांच्या परतीच्या आठवडाभर आधी, रेंझोने रस काढला, तळघरात पिंपात भरून मेण लावून बंद केला. मग तिघांना घरी बोलावलं. टेबलावर कडक बदामी बिस्किटं, आणि आठ वर्षांपूर्वीची, मधाच्या रंगाची एक बाटली. त्याने बिस्कीट वाइनमध्ये बुडवून दाखवलं.

सुलेखाताईंनी मुलाकडे पाहिलं नाही, सुनेकडे पाहिलं नाही. खारी चहात बुडवतात तितक्याच बेताने बिस्कीट बुडवलं आणि खाल्लं. मग दुसरं. तिसऱ्याला बिस्कीट बाजूला ठेवून ग्लासच उचलला, वास घेतला आणि एक घोट घेऊन तो बराच वेळ तोंडात धरला.

"बासुंदीच्या पातेल्याची खरवड," त्या म्हणाल्या. "अक्रोड. आणि बेदाण्याचं पोतं पहिल्यांदा उघडतात ना, तो वास. पण शेवटाला किंचित कडवट आहे. त्या वर्षी माल भिजला होता का, विचार."

क्षितिजाने विचारलं. रेंझोने ग्लास खाली ठेवला. ही द्राक्षं इटलीतल्या त्याच्या भावाच्या मळ्यातून येत, आणि त्या वर्षी तिथे काढणीच्या वेळी पाऊस झाला होता. आजवर हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणाला कळलंही नव्हतं. तो उठून उभा राहिला आणि सुलेखाताईंशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं. मल्हार तेवढ्यात म्हणाला, "आई, तू प्यायलीस." त्या म्हणाल्या, "मग? माल तपासायचा नाही?"

पिंप उघडलं दोन हजार नऊच्या डिसेंबरात. मल्हार सुट्टीला आला तेव्हा सामानात स्वेटरांत गुंडाळलेली एक छोटी बाटली होती. तिच्यावर रेंझोच्या अक्षरात नाव होतं, 'सुलेका'. फेब्रुवारीत हंगाम सुरू झाला, तेव्हा ताईंनी ती शेडवर नेली. दुपारच्या चहाला बायका जमल्या. त्यांनी आधी स्वतः चमचाभर घेतली, डोळे मिटले, शेवट नीट तपासला. कडवटपणा नव्हता.

मग एकेकीच्या हातावर चमचा चमचा घातली. निवडणाऱ्यांतल्या शशिकांतच्या आईने जिभेवर घोळवून विचारलं, "काकू, कसलं औषध हो हे? गुण येईल बघा."

"औषध कसलं," सुलेखाताई बूच लावत म्हणाल्या. "दारू आहे. चांगली झालीय."